श्रावणातली हृदयं

नव्वदीच्या सुरुवातीच्या एका श्रावणात खोपटच्या एसटी डेपोसमोरच्या मटणाच्या दुकानात रोज सकाळी न चुकता येणारं गिऱ्हाईक एकच होतं, आणि त्या गिऱ्हाइकाने जन्मात अंडंसुद्धा खाल्लेलं नव्हतं. ते गिऱ्हाईक मी. हातात झाकणाचा स्टीलचा डबा, अंगात आईने इस्त्री केलेला पांढरा शर्ट, कपाळावर कधीकधी सकाळच्या पूजेचं गंधसुद्धा. दुकानात माझ्याशिवाय कोणी नसायचं. माशाही श्रावण पाळतात की काय असं वाटावं इतकी शांतता.

मी तेव्हा ठाण्यातल्या एका नव्या मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवणारा डिमॉन्स्ट्रेटर होतो. राहायला डोंबिवलीत, आईबरोबर, अशा इमारतीत की जिथे चातुर्मासात कोणाच्या घरातून लसणाचा वास आला तर जिन्यात त्यावर चर्चा व्हायची. आणि नेमक्या त्याच महिन्यात कल्याणला, पारनाक्याजवळच्या एका घरात, माझ्या लग्नाची बोलणी अर्ध्यावर येऊन थांबली होती. श्रावण संपू दे, गणपती होऊ देत, मग पुढचं बोलू, असं ठरलेलं. मुलगी मला पसंत होती. पसंत हा शब्द फारच सभ्य झाला. माझी पार विकेट पडली होती. तेव्हा मटणाच्या दुकानात रोज उभं राहायला याहून वाईट महिना मला शोधूनही सापडला नसता.

तो मी शोधला नव्हता. आमच्या मॅडमनी शोधला होता. मॅडम म्हणजे आमच्या विभागप्रमुख, उंचीने लहान आणि आवाजाने प्रचंड. विभाग इतका नवा होता की भिंतींचा रंग हाताला लागायचा. माणसाची हृदयं होती दोन, तीही मॅडमनी आपल्या जुन्या कॉलेजातून आर्जवं करून आणलेली. शंभर मुलांनी वर्षभर बोटं घालून घालून त्यांची अशी दशा केली होती की आतल्या झडपा ओल्या पापडासारख्या लोंबत होत्या. गणपतीनंतर हृदयाचा धडा सुरू होणार होता. मॅडमनी मला बोलावून सांगितलं की चार मुलांमागे एक या हिशेबाने बोकडाची पंचवीस हृदयं हवीत, टिकवून, भरून, तयार. माणसाचं हृदय छातीत जरा कललेलं असतं, बोकडाचं बऱ्यापैकी सरळ, पण कप्पे, झडपा, नळ्या सगळं जिथल्या तिथे. उलट उजव्या कप्प्यात दोरीसारखा एक स्नायू आडवा जातो, तो माणसात शोधावा लागतो आणि बोकडात समोर येऊन उभा राहतो. शिकायला बोकडच बरा.

मी म्हटलं, मॅडम, श्रावण आहे. त्या म्हणाल्या, मग काय बोकडांना हृदय नसतं का श्रावणात?

डोंबिवलीतलं दुकान शक्यच नव्हतं. कल्याण तर त्याहून नाही. म्हणून मी खोपट निवडलं. स्टेशनापासून लांब, कॉलेजच्या वाटेवर, ओळखीचं कोणी दिसायची भीती नाही. पहिल्या दिवशी डेपोच्या भिंतीशी उभं राहून मी वाक्याची तालीम केली आणि मग रस्ता ओलांडला. दुकानदार चांगला आडवा, मिशीवाला, गल्ल्यावर पेपर वाचत बसलेला. सगळे त्याला मामा म्हणत. मी म्हटलं, हृदय हवंय. न कापलेलं. वरच्या नळ्या चार बोटं शिल्लक ठेवून. आणि मला वाटलं आपण गिऱ्हाईक म्हणून जरा उदारपणा दाखवावा, म्हणून पुढे म्हणालो, कालचं असलं तरी चालेल.

मामांनी पेपर खाली ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी कापड दुकानात जाऊन फाटकं असलं तरी चालेल म्हणालो होतो.

त्यांच्या धंद्याची एक सवय माझ्या मुळावर आली. बोकड सोलून झाला की मामांचा हात आपोआप हृदयाकडे जायचा आणि सुरीने एक उभी चीर द्यायचा. आतलं साकळलेलं रक्त निघून जातं, गिऱ्हाइकाला माल स्वच्छ दिसतो. वर्षानुवर्षं तो हात तसाच चालत आलेला. पण अ‍ॅनाटॉमीच्या दृष्टीने ती चीर म्हणजे घराला पाडलेलं नवं दार. मुलं विचारणार, सर, हा कुठल्या झडपेचा मार्ग? मामा मनापासून प्रयत्न करायचे. सुरी उचलायचे, मी श्वास रोखायचो, आणि हात आपलं काम करून मोकळा व्हायचा. “अरे, गेलं,” असं ते इतक्या दुःखाने म्हणायचे की मीच त्यांचं सांत्वन करायचो. पुढे पुढे ते स्वतःलाच मोठ्याने “थांब” म्हणायला लागले. समोर गिऱ्हाईक नाही, आणि मामा बोकडापुढे उभे राहून सुरीला दम देतायत, हे दृश्य मी अजून कधीमधी करून दाखवतो.

दुसरी अडचण श्रावणाचीच. एरवी रविवारी त्यांच्याकडे ओळीने बोकड पडायचे. श्रावणात हॉटेलांपुरता एखादा, फार तर दोन. त्यातलं एक हृदय चीर खाऊन जाणार. म्हणजे पंचवीस जमवायची तर रोज जाणं आलं. सोमवारीसुद्धा. श्रावणी सोमवारी मटणाच्या दुकानात एकटाच उभा असलेला गंधवाला माणूस, ही काय चीज आहे ते मुंबईच्या माणसाला कळणार नाही, त्याला डोंबिवलीचा जन्म लागतो.

डबा घेऊन कॉलेजात आलं की खरं काम. नळाखाली धरून कप्प्याकप्प्यातल्या गुठळ्या बोटाने काढायच्या. मग अवयव टिकवणाऱ्या, उग्र वासाच्या फॉर्मलिनमध्ये सोडायचं. पण तसंच सोडलं तर हृदय पिचकतं आणि पिचकलेलंच कडक होतं, मग कप्पा कुठला आणि भिंत कुठली, काही समजत नाही. म्हणून आधी आत कापूस भरायचा, भरल्या वांग्यात मसाला भरतो तसा, फुगेल इतका, फाटणार नाही इतका. दवाखान्यातला कापूस मी भरून पाहिला. तो ओला झाला की त्याचे तंतू सुटतात आणि झडपांच्या बारीक दोऱ्यांत असे अडकतात की काढता काढता दोऱ्याच तुटतात. पहिली चार हृदयं अशी गेली. संध्याकाळी मी घरी गेलो तो शर्टभर कापसाचं फुलपाखरू होऊन.

आईने त्या चातुर्मासात लाख वातींचा नेम धरला होता. तिच्यासमोर पाटावर सरकी काढलेल्या कापसाचा ढीग असायचा आणि रेडिओ ऐकत, शेजारणीशी बोलत, आमटीकडे बघत तिची बोटं वाती वळत असायची. माझी बादलीभर आंघोळ झाल्याशिवाय ती मला घरातल्या कशालाही हात लावू द्यायची नाही, पण कामाची चौकशी मात्र पूर्ण करायची. मी तंतूंची तक्रार सांगितली. तिने माझ्या शर्टावरचा कापूस चिमटीत धरला, ओढून पाहिला आणि तुच्छतेने म्हणाली, हा काय कापूस आहे? मग आपल्या ढिगातला घेऊन तिने अंगठ्याएवढी एक जाड वात वळली. घट्ट, गुळगुळीत, एकही तंतू बाहेर नाही. मग विचारलं, कप्पे किती म्हणालास?

दुसऱ्या दिवसापासून माझ्या जेवणाच्या डब्याबरोबर एक जास्तीचा डबा यायला लागला. एका हृदयाला चार वाती, वरच्या कप्प्यांना आखूड, खालच्यांना लांब, आणि डाव्या खालच्याला सगळ्यात जाड, कारण तिथली भिंत जाड असते हे मी तिला सांगितलं होतं. पाण्यात त्या जराही सुटायच्या नाहीत. मॅडमनी पहिलं भरलेलं हृदय हातात घेतलं, सगळीकडून फिरवून पाहिलं, आणि त्यांच्या तोंडून टीका निघाली नाही. आमच्या विभागात त्याला टाळ्या म्हणत.

आता मुलीकडे वळतो. तिच्याआधी मला काही ठिकाणी दाखवून झालं होतं. मुलगा डॉक्टर म्हटल्यावर समोरचे वडील खूश व्हायचे, दवाखाना कुठे विचारायचे, मी कामाचं स्वरूप सांगायचो, आणि पोह्यांची दुसरी बशी यायची बंद व्हायची. एका गृहस्थांनी तर हळूच विचारलं होतं की पेशंट बरे होण्याची काहीच शक्यता नसते का. कल्याणचं स्थळ आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी आणलं. हे काका एसटीत कंट्रोलर. मुलीचे वडील निवृत्त पोस्टमास्तर, आई काही वर्षांपूर्वी गेलेली, म्हणून बघण्याच्या वेळी आत्या आली होती. मी खोलीत शिरलो आणि माझ्या अंगच्या फॉर्मलिनने आत्याच्या डोळ्यांना पाणी आलं. तिला वाटलं, भाचीच्या लग्नाच्या विचाराने आलं. त्यामुळे सुरुवात फारच हृद्य झाली.

मुलगी शाळेत चित्रकला शिकवायची. बाकीचे पगार, गोत्र वगैरे विचारत असताना तिने मध्येच विचारलं, “पत्त्यातल्या बदामासारखं दिसतं का हो ते खरंच?”

मी म्हटलं, “नाही. देठाकडून धरलेल्या वांग्यासारखं.”

पोस्टमास्तरांनी बशी खाली ठेवली. ती मात्र हसली नाही, दचकलीही नाही. तिने क्षणभर डोळे बारीक केले, जणू ते वांगं कागदावर उतरवत होती, आणि म्हणाली, “मग जांभळं का?” मी म्हटलं, तपकिरी, वरून पिवळसर चरबी. तिने मान हलवली. झालं. त्या रात्री मी आईला सांगितलं की हीच.

आणि आता सांगतो ती गोष्ट जी मला तेव्हा ठाऊक असायला हवी होती. स्थळ आणणारे आमचे कंट्रोलर काका डोंबिवलीहून रोज जिथे कामाला जायचे, तो डेपो खोपटचा होता. चौकशीच्या खिडकीत बसायचे. त्या खिडकीतून दोन गोष्टी स्वच्छ दिसायच्या, नगरची गाडी लागली की नाही ते, आणि मामांचं दुकान.

एसटी म्हणजे एसटी, एवढंच मला माहीत होतं. डोंबिवलीतला माणूस सकाळी नाहीसा होतो आणि संध्याकाळी उगवतो, मध्ये तो कुठे असतो हे कोण विचारतं?

काकांनी काही दिवस मला नुसतं पाहिलं. मग स्थळ आपण आणलंय, उद्या बोल आपल्याला लागेल, या विचाराने त्यांची झोप उडाली आणि एका रविवारी ते कल्याणला जाऊन पोस्टमास्तरांच्या कानावर घालून आले. मुलगा गुणी आहे, पण श्रावणात रोज मटण घेतो. रोज. डबा भरून.

पोस्टमास्तर हा माणूस असा की टपालावर शिक्का दिसला तरी तो उजेडात धरून बघणार. ऐकीव गोष्टीवर त्यांनी नकार दिला नाही. पत्रिकेतलं काही विचारायच्या निमित्ताने ते थेट आमच्या घरी डोंबिवलीला आले. मी कॉलेजात होतो. आई वाती वळत होती. पुढचा संवाद मला आईने फार अभिमानाने ऐकवला, म्हणून तो तसाच देतो.

“श्रावणात चिरंजीव फार कामात असतात म्हणे,” पोस्टमास्तरांनी आडून सुरुवात केली.

“हो ना,” आई म्हणाली. “मिळतच नाहीत हो या महिन्यात. रोज जावं लागतं बिचाऱ्याला.”

“घरी आणतात?”

“छे छे, घरी कशाला? तिकडेच भरतो. मी इथून फक्त वाती देते.”

“कसल्या वाती?”

“हृदयांत भरायच्या. एकेकाला चार.” आणि पोस्टमास्तर समोरच्या ढिगाकडे बघतायत हे पाहून तिला वाटलं त्यांना नेमाची काळजी पडलीय. म्हणून तिने घाईघाईने खुलासा केला, “नाही हो, त्या मी लाखात धरत नाही.”

पोस्टमास्तर कॉफी अर्धी टाकून उठले. विचार करून कळवतो म्हणाले. मुलीकडच्यांनी विचार करून कळवतो म्हणणं म्हणजे काय, हे आमच्या जिन्यातल्या लहान पोरांनाही कळत होतं. मी आईला म्हटलं की मी आत्ताच्या आत्ता कल्याणला जाऊन सगळं सांगतो. आईने मला बसवलं. काय सांगणार? मी खात नाही म्हणून? खाणारासुद्धा हेच सांगतो. तिचं म्हणणं बरोबर होतं, त्यामुळे मला जास्तच राग आला. न खाल्ल्याचा पुरावा कुठून आणायचा? खाल्ल्याचा निदान वास तरी येतो. माझ्या अंगाला फॉर्मलिनशिवाय कसलाच वास येत नव्हता.

मी त्या आठवड्यात जी हृदयं भरली ती मॅडमना वाकडी वाटली. म्हणाल्या, लक्ष कुठे आहे तुझं?

तिकडे कल्याणला काय झालं ते मला नंतर बायकोकडून कळलं, तेव्हा ती माझी कोण झाली ते तुमच्या लक्षात आलंच. पण कसं झालं ते ऐका. पोस्टमास्तर दोन दिवस घरात येरझारा घालत होते. आत्या नको म्हणत होती, आमचे कंट्रोलर काका काय ते लवकर कळवा म्हणत होते. मुलगी वर्गातल्या पोरांची चित्रं तपासत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, “बाबा, तो काय खातो हे तुम्ही त्याच्या आईला विचारताय, शेजाऱ्याला विचारताय. ज्याच्याकडून घेतो त्याला विचारा की.”

पोस्टमास्तरांना ते पटलं. पटलं म्हणजे, इतकी वर्षं ते लोकांना हेच सांगत आले होते की तक्रार असेल तर पाठवणाऱ्या पोस्टात चौकशी करा. फक्त प्रश्न होता की आपल्यासारख्या माणसाने त्या दुकानात जायचं कधी. त्यांनी पोस्टमास्तरी डोकं चालवलं. श्रावणी सोमवारी. त्या दिवशी त्या बाजूला आपल्या ओळखीचं चिटपाखरू असणार नाही. म्हणजे हुबेहूब माझंच डोकं, आणि त्यात हुबेहूब माझंच भोक. डेपो ते विसरले.

सकाळी शंकराला बेल वाहून, उपास धरून, कापडी पिशवी घेऊन ते खोपटला उतरले. माझी फेरी होऊन गेली होती. मामा पेपर वाचत होते. पोस्टमास्तरांनी माझं वर्णन केलं.

“दिलवाला डॉक्टर?” मामा म्हणाले. “आत्ताच गेला. काय केलं त्याने?”

“तो... मटण खातो का?”

मामा हसायलाच लागले. “काका, तो? मी लिहून देतो. खाणारा माणूस दुकानात शिरला की पहिली नजर टांगलेल्या मांडीवर. हा बघतो माझ्या चपलांकडे. पहिल्या दिवशी मला काय म्हणालेला माहितेय? कालचं असलं तरी चालेल. शिळं चालेल म्हणणारं गिऱ्हाईक मी बापजन्मात पाहिलं नाही. एकदा मी प्रेमाने त्याला बरगडीच्या चार चापा दाखवल्या. म्हटलं घेऊन जा घरी. तर हा हात न लावता बरगड्या मोजत बसला, ही कितवी आणि ती कितवी. अहो, भाव करत नाही, हाड बघत नाही, चरबी मागत नाही. असा माणूस मटण खात असेल तर मी उद्यापासून भाजी विकतो.”

बायको म्हणते, बाबांच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांनी रंग आला. आता माणसाने तिथून निघावं की नाही? पण पोस्टमास्तरांची स्वतःची एक रीत होती. कोणाचा वेळ फुकट घ्यायचा नाही. पोस्टात नुसती चौकशी करायला येणाऱ्यांचा त्यांना आयुष्यभर राग. निदान एक पोस्टकार्ड तरी घ्यावं. त्यांनी संकोचत फळीकडे पाहिलं. त्या दिवशी दोन बोकड पडले होते, आणि दुसऱ्याचं हृदय, गुर्दे, बाकीचं सगळं, उशिरा लागलं होतं. “ते... डॉक्टर नेतात ते, एक द्या,” ते म्हणाले. मामांनी आदल्या दिवसांची हॉटेलांसाठी ठेवलेलीही पुढे केली. आणि पोस्टमास्तरांनी, बाजारात भाजीवाल्यापुढे करतात तसं, चष्मा वर करून, एकेक निरखून, त्यातलं एक स्वतः निवडलं. मामांनी केळीच्या पानात घालून, वर वर्तमानपत्र गुंडाळून दिलं. ते घेऊन ते वळले, तर रस्त्याच्या मधोमध, खाकी कपड्यात, चहाचा ग्लास हातात घेऊन आमचे कंट्रोलर काका उभे.

काकांनी पोस्टमास्तरांच्या कपाळावरचं भस्म पाहिलं, हातातलं पुडकं पाहिलं, मागची पाटी पाहिली. मग नमस्कार केला आणि उलट पावली डेपोत गेले. थोड्या वेळाने कर्ण्यावरून त्यांनी नाशिकची गाडी पुकारली ती आवाज कापत.

मी कॉलेजात हात धूत होतो. शिपायाने सांगितलं, कोणीतरी भेटायला आलंय. बाहेर पोस्टमास्तर. मला वाटलं नकार द्यायला स्वतः आले, किती सभ्य माणूस. त्यांनी पुडकं पुढे केलं.

“हे तुमचं,” ते म्हणाले.

ते इतक्या सरकारी आवाजात म्हणाले की सही करायला मी खिशात पेन शोधलं.

पुडकं उघडल्यावर माझी काय अवस्था झाली ते राहू द्या. मी त्यांना आत घेतलं. नाकाला रुमाल लावून ते माझ्या मागोमाग टेबलापर्यंत आले. मी सरळ काम करायला लागलो. हृदय धुतलं, गुठळ्या काढल्या. आईचा डबा उघडला. “या त्यांच्या वाती?” त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं आणि एकेक वात आत सरकवली. वाकून बघता बघता त्यांचा रुमाल नाकावरून खाली आला.

मग त्यांनी विचारलं, “झडप कुठली यातली?”

मी तयार झालेलं एक हृदय घेऊन डावी बाजू उघडून दाखवली. पातळ पडद्यासारखी झडप, आणि तिला खालून धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या दोऱ्या. पोस्टमास्तर बराच वेळ बघत राहिले. “आमच्या हिची हीच खराब होती,” ते म्हणाले. “सगळे मला सांगायचे, झडप गेली आहे. झडप म्हणजे काय ते कोणी दाखवलं नाही.” मी त्यांच्या हातात ते हृदय दिलं. त्यांनी ते दोन्ही हातांत धरलं, आणि एका बोटाने ती झडप हलकेच उघडली आणि मिटली. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

नंतर त्यांनी हात धुतले, दोनदा, साबण लावून, आणि एकदम त्यांना मघाचा प्रसंग आठवला असावा, कारण ते स्टुलावर बसलेच.

“तुम्ही खात नाही हे मला कळलं,” ते म्हणाले. “आता माझ्याबद्दल कोण सांगणार?”

आणि मला रस्त्यातली सगळी हकिगत ऐकवली. मी हसू दाबायचा इतका प्रयत्न केला की फॉर्मलिनच्या नावाखाली डोळे पुसावे लागले. परिस्थिती गंभीरच होती. निवृत्त पोस्टमास्तर, श्रावणी सोमवार, मटणाचं दुकान, निवडून घेतलेला माल, साक्षीदार खुद्द एसटीचा. ही बातमी पारनाक्यावर त्यांच्या आधी पोचणार होती, आणि जिथे त्यांनी आयुष्यभर लोकांच्या बातम्या पोचवल्या तिथेच. मी म्हटलं, मामा तुमच्याबद्दलही लिहून देतील. ते म्हणाले, नको, त्यांनी मला निवडताना पाहिलंय.

मग ते सरळ बसले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर अवघड पार्सलाचा पत्ता लागल्याचा भाव आला.

“जावयाच्या कॉलेजसाठी नेलं, असं सांगता येईल,” ते म्हणाले. “पण त्याला आधी जावई लागेल.”

तर माझं लग्न असं ठरलं. गणपतीपर्यंतही थांबले नाहीत. त्याच संध्याकाळी पोस्टमास्तर आत्याला घेऊन डोंबिवलीला आले आणि जिन्यात, कंट्रोलर काकांच्या दारासमोर थांबून, घरी असणाऱ्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, माझ्या जावयाला आज मी स्वतः हृदय नेऊन दिलं, असं आत्याला सांगितलं. आत्याला ते दुपारपासून माहीत होतं. तिला बिचारीला परत एकदा आश्चर्य करावं लागलं. काकांनी दार उघडलं आणि म्हणाले, अहो, मला वाटलंच होतं. स्थळ त्यांचंच होतं, त्यामुळे सगळ्यात मोठा सुटकेचा निःश्वास त्यांचा.

मांडव तुळशीच्या लग्नानंतर पडला. मामा आले होते, पांढऱ्याशुभ्र झब्ब्यात. पंगतीत बसले, सगळं चवीने जेवले, आणि भरल्या वांग्याशी येऊन जरा थांबले. पोस्टमास्तर स्वतः वाढत होते. त्यांनी आग्रहाने आणखी दोन वाढली. आईचा लाख वातींचा नेम त्याआधीच पूर्ण झाला होता, आणि माझ्या वाती त्यात धरल्या नव्हत्या हे तिने मांडवात भेटेल त्याला सांगितलं.

हुंडा घ्यायचा नाही असं माझं आधीपासून ठरलेलं. सासऱ्यांकडून मी एवढी एकच वस्तू घेतली. ती काचेच्या बरणीत विभागाच्या संग्रहालयात गेली. चिठ्ठीवर फक्त बोकड, हृदय, प्रौढ, एवढंच लिहिलं, कारण सासरचं असं लिहायला मॅडमनी परवानगी दिली नाही. लग्नानंतर मी बायकोला ते दाखवायला घेऊन गेलो. मुलांचा धडा संपल्यावर सगळीच हृदयं तिथे ठेवली होती, ओळीने पंचवीस बरण्या. मी म्हटलं, ओळख, यातलं बाबांचं कोणतं.

ती एकेका बरणीपुढून पोरांची चित्रं तपासावीत तशी गेली. एक जरा आखूड, एका अंगाला फुगलेलं, देठाशी आक्रसलेलं होतं, त्याच्यापुढे ती थांबली.

“हे,” ती म्हणाली. “बाबांना वांगी कधी निवडता आलीच नाहीत.”